भाऊजींची मशीन उघडेना

गोंदियात मी कॉम्प्युटर क्लास चालवत होते, म्हणून हे झेंगट माझ्या गळ्यात आलं. शिकवायचे मी टायपिंग आणि अर्ज लिहिणं, पण आमच्या घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर, त्यात काय लहानमोठं? ताईने कुडव्याहून फोन केला, "तुह्या भाऊजीची मशीन आली घरी. तू ये बरं, चालू करून दे."

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, राइस मिलची यंत्रं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचे. नव्व्याण्णव साली तिथल्या शेठने नागपूरहून ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरची ही विदेशी मशीन जुन्या भावात उचलली होती. पुढे साधे कॉम्प्युटर आले आणि ही गोदामात गेली. मग एका वर्षी भाऊजी केशोरीला मिल बसवायला गेले आणि ताप घेऊन परतले. मेंदूचा मलेरिया. जीव वाचला, पण नंतर ते माणसांची नावं चुकायचे, दही आणायला जाऊन साबण आणायचे. वर्कशॉपने आराम करा म्हणून सांगितलं. ती मशीन शेठने ऑटोत घालून त्यांच्या घरी पाठवली, ती मायेनं की गोदाम रिकामं करायला, ते तोच जाणे.

पुढच्या खोलीत मशीनने दिवाण अडवला होता. भाऊजींनी मला बसूही दिलं नाही.

"आयक. हे मशीन मीच चालवली इतके वर्स. उघडली तं सोमवारपासून कामावर चाललो. नाई उघडली तं तुमी म्हनता ते खरं, माहं डोकं गेलं. मंग घरी बसन, कोनाले काई म्हननार नाई."

ताई दारात उभी होती. तिला काय हवंय ते कळेना.

बटण दाबल्यावर पंखा घरघरला आणि पडद्यावर दोन ओळी आल्या: नाव आणि पासवर्ड. नाव भाऊजींनी झटक्यात सांगितलं. पासवर्ड म्हणाले, चिन्नोर. आपल्या वासाच्या धानाचं नाव, इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं. मी टाकला. आमच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर निदान ठिपके तरी उमटतात, इथे काहीच उमटेना. मग ओळ आली, चूक. भाऊजींनी स्वतः टाकला, टकटक, माझ्यापेक्षा जलद. चूक. बोट घसरलं, स्पेलिंग चुकलं की आठवणच खोटी, काय समजायचं? मी ठार गोंधळले, आणि गोंधळले की मला राग येतो. "भाऊजी, नीट आठवा ना!" म्हणून खेकसलेही. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पासवर्ड नसेल तर सॉफ्टवेअर नव्याने घालता येतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्याच्या सीड्या मशीनसोबत आल्या होत्या. कुठे आहेत विचारलं, तर ताई म्हणाली, "कामठ्याले."

तिच्या दिराने धानाच्या पऱ्ह्यावर, म्हणजे कोवळ्या रोपांवर, पाखरं बसू नयेत म्हणून मागितल्या, आणि तिने दिल्या! मी गाडी काढून कामठ्याला गेले. हिरव्यागार रोपांवर दोरी ताणलेली, दोरीवर आमचं सॉफ्टवेअर लकाकतंय. दीर खूश होता. "एक पाखरू बसत नाई जी. कायले पायजे तुमाले?" सोबत पिक्चरच्या सीड्याही लटकत होत्या, म्हणून मी सगळ्याच काढून आणल्या आणि साबणाने धुतल्या. मशीनने एकेक चाखून बाहेर काढली, एकही चालली नाही.

त्या दुपारी ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "यायले सांग, मशीनच बिघडली. तुह्यं आयकतीन."

"आणि खरंच बिघडली नसेल तर?"

"काऊन वकिली करून राहिली? मानूस खंगून राहिला न इकडे."

तिचं बरोबर होतं आणि मला ते पटतही नव्हतं. खोटं बोलायचंच, असं ठरवून मी बाहेर आले आणि निदान शेवटचं करून पाहावं म्हणून खुर्चीवर बसले. मन थाऱ्यावर नव्हतं. पासवर्ड टाकला तो चुकून नावाच्याच ओळीत. तिथे अक्षरं दिसतात. सी, एच, आय, आणि पुढे थेट ओ, आर. दोन्ही एन गायब!

पुन्हा दाबला. एन नाहीच. भाऊजींच्या नावात एन नव्हता, म्हणून इतका वेळ कोणाला पत्ता नाही. माझ्या क्लासमधून आणलेला कीबोर्ड मशीनला बसेना, पिनच वेगळी. मग चमच्याच्या टोकाने ते बटण उचकटलं. खाली हळदकुंकवाचा घट्ट लगदा. वर्कशॉपमध्ये दर दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची आणि नारळ भाऊजीच फोडायचे, मशीनच्या पुढ्यात, पाणी उडेल तसं. देवाचं पाणी पुसायचं कशाला? मी स्पिरिट लावून खरवडलं, तसा एन उठला. मी आनंदाने ओरडलेच.

मग चिन्नोर टाकला. चूक.

एका एनने टाकला, मोठ्या अक्षरांत टाकला. चूकच. आता मात्र मला भाऊजींकडे बघवेना. बटणाची सबबही संपली होती.

"हो बाजूले," ते म्हणाले. ते बसले, इतक्यात ताईने चहा ठेवू का विचारलं, आणि तिच्याकडे मान वळवून "साखर कमी टाक" म्हणता म्हणता त्यांची बोटं बटणांवरून फिरून गेली.

मशीन उघडली. पडद्यावर राइस मिलचं, धान वर चढवणारं एलिव्हेटर, त्यांनी काढलेलं, बकेटसकट. ताई धावत आली. मी विचारलं, "काय टाकलंत?"

"चिन्नोर."

"नाही भाऊजी. चिन्नोर चालत नाही."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. हळूहळू, एकेक बटण दाखवायला गेले आणि दुसऱ्याच बटणाशी अडखळले. "मंग मले नाई मालूम," ते म्हणाले. म्हणजे डोकं जागेवर होतं की नव्हतं? पैज कोण जिंकलं? तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाइट गेली.

लाइट परत आल्यावर पुन्हा त्याच दोन ओळी. भाऊजी समोर बसले, हात बटणांवर नेले आणि परत मांडीवर ठेवून दिले.

"एकदा उघडली न? तुमी दोघींनं पायलं न?"

"पाहिलं," मी म्हटलं.

जेवायला बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "तुमी पायलं न?" आनंदानं विचारलं, की मघाशी विचारलेलं विसरले म्हणून, ते मला समजलं नाही. ताईने त्यांच्या पानात भात घातला आणि म्हणाली, "पायलं जी. सोमवारी डब्यात काय देऊ?"