ढगातले बदाम

कापसाला सोन्याचा भाव आला आणि माझ्या बापाचं डोकं फिरलं. सख्ख्या बापाबद्दल लिहितो आहे, तरी शब्द मागे घेणार नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि अचलपूरजवळच्या आमच्या काळ्या रानातला कापूस अमरावतीच्या बाजारात हातोहात जाऊ लागला. बापाला वाटलं, आपण हात लावू ते पिकतं.

एका पठाण व्यापाऱ्याने त्याला टरफलासकट बदाम दिले आणि सांगितलं, या झाडाला थंडी लागते. थंडी म्हणजे चिखलदरा, एवढंच बापाला ठाऊक. त्या डोंगरावर चार महिने ढग अंगणात उतरतात, धुतलेलं धोतर आठ-आठ दिवस वाळत नाही, याचा विचार कोण करतो? बदामाला हवी कोरडी थंडी.

बापाने उतारावरची जी जागा मिळवली, तिथे एक कोरकू म्हातारा झोपडी बांधून कुटकी, म्हणजे डोंगरातलं बारीक भरड धान्य, पिकवायचा. त्याचं पीक मोडून बदाम लावले आणि त्यालाच राखणीला ठेवलं, वर उपकार केल्याचा आव! म्हाताऱ्याने मात्र पोटच्या पोरांसारखी रोपं जपली. पाणी साचू नये म्हणून चर खणायचा, बुंधे मोकळे ठेवायचा. दोन पावसाळे काढून झाडं कमरेएवढी झाली.

तिसऱ्या वर्षी बापाने बैलांवर लादून सरकी वर धाडली. कापसातून रुई काढून उरलेल्या सरकीचे घरात ढीग होते, आणि आमच्या गावी पेरूच्या आळ्यात सरकी घातली की झाड तरारतं. बैल घेऊन मीच गेलो. म्हातारा आडवा आला.

"नको टाकू, बाबू. इथं ऊनच नाई. हे सडन, अन् झाडालेई सडवन."

"तुले काय समजते? आमी बापजाद्यापासून शेती करून राहिलो," असं म्हणून मी स्वतःच्या हाताने प्रत्येक बुंध्याशी ढीग लावला.

श्रावणात झड लागली ती थांबेचना. ढिगांवर पांढरी बुरशी चढली, पानं आकसून गळली. पोळ्यानंतर बाप वर आला, बैल घेऊन मीही सोबत होतो. त्याने एक झाड ओढलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती.

"काहून मारली रे माही झाडं? कुटकीचा सूड घेतला काय?" बाप म्हाताऱ्यावर ओरडला.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने मला अडवलं होतं, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी बैलांची दावी सोडत बसलो.

त्याच दिवशी बापाने त्याची झोपडी मोडायला लावली. भर पावसात बायको आणि चार मडकी घेऊन तो निघून गेला. कुठे गेला, कोणी विचारलं नाही.

बाप मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिला, कोरकूने माझे बदाम मारले. मला बापाचा संताप अजून येतो. पण तो सांगायचा तेव्हा दर वेळी मी शेजारीच बसलेला असायचो, आणि मान डोलवायचो.