ताईंचे बत्तीस दात

"एक डोळा झाक," असं म्हणत आमच्या धावडा गावचं आरोग्य बघणाऱ्या आशाताई स्वतःच तळहातानं पोराचा डोळा झाकायच्या आणि सगळे दात काढून विचारायच्या, "किती दिसून राह्यले?" विटी, चेंडू, कोपर, डोळ्याला काहीही लागलं की ही परीक्षा. एकदा त्यांनी भर ग्रामसभेत सरपंचांनाही तपासलं. सरपंच दात मोजत बसले आणि पाण्याचा विषय राहून गेला.

मी तेव्हा पत्रकं छापायचो. डोळ्याच्या मारावर दोन पानं जळजळीत मजकूर लिहून त्यांना दाखवला.

"चांगलं हाय. पण पोरं मार लपवतात कामून, ते कुठंय?"

मी दोन्ही पानं पुन्हा चाळली.

"घरी आणखी मार बसतो म्हणून. 'आधी डोळा, मंग राग.' इतकंच छाप बाबा."

तितकंच छापलं. माझं सगळ्यात छोटं पत्रक ते, आणि लोकांनी वाचलेलं एकमेव.

आमच्या वस्तीतल्या नऊ वर्षांच्या प्रज्ञाच्या डाव्या डोळ्यावर विटी बसली. घरी तिनं धूळ गेल्याचं सांगितलं. खरं कळलं तर मुलींचा खेळच बंद होईल, ही तिची धास्ती. चार दिवसांनी ती सोपे झेल सोडू लागली, तेव्हा ताईंनी तिला पारावर बसवलं आणि उजवा डोळा झाकला.

"किती दात?"

"बत्तीस," प्रज्ञा ठसक्यात म्हणाली.

पारावर हशा पिकला. ताईंचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. सगळे हसतात म्हणून प्रज्ञाही हसली. एकट्या ताई हसल्या नाहीत. धावत आलेल्या तिच्या आईचा उठलेला हात त्यांनी वरच्या वर धरला आणि मिळेल त्या जीपनं मायलेकींना घेऊन जालना गाठलं.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशननंतर त्या डोळ्याला माणूस कळू लागला, चेहरा नाही. उरलेला डोळा जपायला जाड प्लास्टिकचा चष्मा आला आणि काही महिन्यांनी डॉक्टरांनी खेळायची मोकळीक दिली.

गावातल्या मोठ्यांनी मात्र मुलींचा विटीदांडू बंद केला.

"पोराला लागलं असतं तर पोरांचा बंद केला असता का?" ताईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ताई पदर खोचून स्वतःच खेळाच्या मैदानात उतरल्या. सगळ्यांना वीस पावलं मागं सारलं. विटी उडवली, हुकल्या. पुन्हा हुकल्या. तिसऱ्यांदा स्वतःभोवती गरकन फिरून धुळीत बसल्या.

"ताई, तुम्ही बाद. उठा आता," चष्मा सावरत प्रज्ञा म्हणाली आणि दांडू घेतला.

गेल्या उन्हाळ्यात ताई वारल्या. त्या एका संध्याकाळी मुलींनी आपणहून खेळ बंद ठेवला.