हँडलवर परका माणूस

दर महिन्याला हेड ऑफिसमधून साहेबांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, वसई-विरारचा ट्रेंड काय म्हणतो?" ट्रेंड काय म्हणणार, कपाळ माझं! माणसं मेली की माल खपतो, हा ट्रेंड. पण फोनवर असं बोलता येत नाही. मग मी "इन्क्वायरी वाढल्यात सर" असं काहीतरी म्हणते आणि साहेब खूश होतात.

मी काय विकते ते आधी सांगते, कारण ते माझ्या सख्ख्या नणंदेलाही अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, आमची वहिनी क्रेनच्या कंपनीत आहे. क्रेन नव्हे हो. तीन पायांची ॲल्युमिनियमची घोडी असते, ती टाकीच्या तोंडावर उभी करायची. तिच्या एका पायाला विंच, म्हणजे हँडलने फिरणारा वायरचा छोटा रहाट. टाकीत उतरणाऱ्याच्या अंगात पट्ट्यांचा हार्नेस, त्याच्या पाठीवरच्या कडीत वायरचा हूक. तो आत गॅसने कोसळला, तर वरच्या माणसाने जागचं न हलता हँडल फिरवायचं आणि त्याला वर काढायचं. बस, एवढंच काम.

आमच्या भागात याला गिऱ्हाईक भरपूर असायला हवं. जिथे बिल्डिंग तिथे सेप्टिक टँक. टँकरचा पाइप वरवरचं ओढून नेतो, तळाचा घट्ट गाळ तसाच राहतो, आणि तो काढायला माणूस उतरतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण कायद्याने माणूस उतरवायचाच नाही, म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी मला तोंड वर करून सांगतो, "आमच्याकडे कोणी उतरतच नाही मॅडम, मग हे घेऊन काय करू?" अरे बाबा, मागच्या दिवाळीआधी तुझ्याच आवारात दोघं चड्डीवर उतरलेले मी रिक्षातून पाहिलेत! पण सांगायचं कोणाला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

घेतात ते पूर्वेकडचे कारखानेवाले. ऑडिटवाला येणार म्हणून घेतात. कित्येकांच्या विंचवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नसतं. हल्ली त्याच्याही पुढे मजल गेली आहे. विकत नको, एका दिवसापुरतं भाड्याने द्या. कशाला, तर फोटो काढायला. घोडी उभी करतात, एखाद्याला हार्नेस चढवतात, तो बिचारा लग्नातल्या नवऱ्यासारखा ताठ उभा राहतो, फोटो निघतो, माल परत. भाड्याचा हा धंदा दरवर्षी वाढतोय. साहेबांना हे मी खरंखुरं सांगितलं, तर ते म्हणाले, "ग्रेट, रेंटलमध्ये स्कोप आहे."

आणि मग कुठेतरी टाकीत माणसं दगावतात. बातमी येते, पंधरवडाभर फोन थांबत नाही, महानगरपालिकेची पत्रं निघतात, सोसायट्या एकमेकींना विचारतात कुठून घेतलं. मग सगळं थंड. मी निर्मळ गावची, आमची केळीची वाडी आहे. सासरे म्हणायचे, केळीला पाणी रोज लागतं, आठवण येईल तेव्हा नाही. या धंद्यात आठवण आली की पाणी.

इतक्या वर्षांत फोटोसाठी नाही, ऑडिटसाठी नाही, माणसासाठी म्हणून माझ्याकडे एकच गिऱ्हाईक आलं. एक बाई. दुपारी माणिकपूरच्या आमच्या गाळ्यात शिरली आणि पायरीवरूनच म्हणाली, "ते मानूस वर काढायचं यंत्र तुमीच देता ना?"

ती खाडीकडच्या गावातली. तिचा नवरा आणि दीर, दोघं मिळून टाक्या साफ करायचे. पूर्वी घरचं मिठागर होतं, ते गेलं, तेव्हापासून हे काम. नवरा मोठा, तो आत उतरायचा. दीर वर, दोरी धरून. दोरीवर नेहमी आपलाच माणूस, ही त्यांच्यातली रीतच. सख्खा भाऊ नसेल तर मेहुणा, मेहुणा नसेल तर साडू. परक्याच्या हातात दोरी द्यायची नाही. कंटाळून सोडून गेला तर? बिडी प्यायला गेला तर? रक्ताचा माणूस सोडणार नाही, हा हिशेब.

"पन मी भिते ती त्याच्यामुलंच," ती म्हणाली. "सोडनार नाय, म्हनूनच भिते. त्यांच्या मावसभावांचं तसंच झालं. आतला पडला, वरचा त्याच्यामागं गेला. दोघं गेले. माज्या सासूला हे दोनच हायेत. मला दोन पोरं. घरात एक तरी बाप्या राहू दे, ताई."

मी तिला चहा पाजला. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! कोणीतरी मुद्द्याचं बोललं. टाकीत एकाच्या मागे दुसरा जातो तो वेडा म्हणून जात नाही, भाऊ म्हणून जातो. आमच्या ट्रेनिंगमध्ये मी घसा फोडून हेच सांगते की हँडलवर परका माणूस ठेवा, ज्याचा जीव तुटणार नाही असा. लोक हसतात. मॅडम विनोद करतात म्हणे.

दोन्ही भावांना मी आमच्या वाडीत बोलावलं, तीही बरोबर आली. आमच्या विहिरीवर घोडी उभी केली, हार्नेसमध्ये वाळूचं पोतं बांधून आत सोडलं. आमचे यजमान कट्ट्यावर बसून मजा बघत होते. "पोतं कसलं सोडतेस, मलाच सोड, जरा गार वाटेल," म्हणाले. धाकटा खो खो हसला. गोड पोरगा होता हो. लग्न ठरायचं होतं. केस कपाळावर आणि तोंड सतत चालू.

त्याने हँडल फिरवलं आणि वैतागला. "ह्या! हे तर गोगलगाय हाय. एवढं फिरवलं नि वीतभर वर येतंय."

"ते तसंच असतं रे," मी म्हटलं. "दातेरी चाकांमुळे हळू येतं, पण तुझ्याएवढा माणूस तू एकटा उचलू शकतोस. हात सोडलास तरी खाली जात नाही, जागच्या जागी धरून ठेवतं." मग वायर मुद्दाम ढिली सोडून दाखवली. "आणि हे बघ. माणूस आत इकडेतिकडे फिरतो, वायर ढिली पडते. तेव्हा आधी नुसती वायर गोळा होईल. हँडल फिरतंय आणि काही होत नाही असं वाटेल. थांबायचं नाही. फिरवत राहायचं. वायर ताठ झाली की माणूस उचलला जातो."

त्याने स्वतः दोन वेळा करून बघितलं. मग मी माझं नेहमीचं पुराण लावलं, की हँडलवर दुसरा कोणी ठेवा. मोठ्याचा चेहरा उतरला. "दोरी परक्याला? आमच्यात नाय तसं, ताई. भाऊ असताना परका कशाला?" धाकट्याला मग वहिनीने आमच्या विहिरीच्या कट्ट्यावर आईची शपथ घ्यायला लावली. काही झालं तरी उतरायचं नाही. त्याने घेतली. वर म्हणाला, "वहिनी, मी कशाला उतरू? माजं अजून लगीन व्हायचंय!"

त्या दोघांनी विंच घेतला आणि खरंच वापरला. आधी मला खरं वाटेना, म्हणून एकदा विरारच्या एका कामावर जाऊन पाहून आले. घोडी उभी, हूक लावलेला, धाकटा हँडलवर. माझा ऊर भरून आला. म्हटलं चला, एक तरी.

मग ती दुपार. सोसायटी विरारचीच, नाव कशाला घेऊ. मोठा आत होता, गाळ ढवळला गेला आणि गॅस सुटला. वरून धाकट्याने हाक मारली, उत्तर नाही. त्याने हँडल धरलं आणि फिरवायला लागला. हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं, तो शेजारीच उभा होता. मोठा टाकीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात काम करत होता, वायर पुष्कळ ढिली होती. हँडल फिरतंय, फिरतंय, आणि काहीच होत नाही. धाकटा भावाच्या नावाने ओरडायला लागला. "तुटलं रे, तुटलं!" म्हणाला, हँडल सोडलं आणि शिडीवरून आत गेला. अंगावर पट्टा नाही, काही नाही. वॉचमनने त्याचा शर्ट धरला होता. शर्ट फाटला.

तुटलं नव्हतं काही. पहिल्या मजल्यावरची एक बाई धावत आली, तिने आणि वॉचमनने हँडल धरलं. थोडंसंच फिरवलं असेल, वायर ताठ झाली. मोठा वर आला. शुद्ध नव्हती, पण श्वास होता. धाकट्याला अग्निशमन दलाने काढलं, तोवर तो गेलेला होता.

मी सगळं सांगितलं होतं. दाखवलं होतं. त्याला कळलंही होतं, त्याने स्वतः करून बघितलं होतं. पण ते पोतं होतं, वाळूचं. आपला भाऊ खाली पडलाय आणि वर नुसती वायर येतेय, तेव्हा कोणाला काय आठवणार? मला आठवलं असतं का? देवाशप्पथ, माहीत नाही.

त्यांच्या घरी मी बाराव्याला गेले. जो तो एकच बोलत होता. भाऊ असावा तर असा. गल्लीच्या तोंडावर फोटो लागला होता, खाली लिहिलं होतं, भावासाठी प्राण अर्पण. मला ते फाडून टाकावंसं वाटलं. अरे, पुढच्या भावाला तुम्ही आतापासूनच आत ढकलताय! पण त्यांची म्हातारी आई समोर बसली होती. ती माझा हात धरून म्हणाली, "परक्यानं एक काढला बाय, सख्ख्यानं एक नेला." मोठा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला पाहून त्याने डोळे मिटून घेतले. लोक त्याला मेलेल्याचं कौतुक सांगत होते आणि तो जिवंत असल्याची त्याला लाज वाटत होती. त्याच्यासाठी काय करायचं, ते कोणत्याच ट्रेनिंगमध्ये नाही.

साहेबांचा फोन आला. त्यांच्या हिशेबात ही सक्सेस स्टोरी होती. प्रॉडक्टने जीव वाचवला! त्या माणसाचा विंचबरोबर एक फोटो मिळेल का? मी म्हटलं, मिळेल, पण तुम्ही येऊन काढा, आणि त्याच्या आईला सांगा कशासाठी काढताय ते. साहेबांनी विषयच बदलला. म्हणाले, "मॅडम, डिमांड कशी आहे?" डिमांड जबरदस्त होती. फोन ठेवायला उसंत नव्हती. एका सोसायटीवाले तर म्हणाले, तेच मॉडेल द्या, ज्याने वाचवलं. मी विंच विकले. भराभर विकले. रडत रडत डिलिव्हरी चलनं फाडली, आणि कोणी विचारलं तर सर्दी झालीय म्हटलं.

नंतर नेहमीप्रमाणे सगळं थंडावलं. मग एके दिवशी ती पुन्हा पायरीवर उभी.

"हे परत जानार हायेत कामाला," ती म्हणाली.

"वेडी आहेस का तू? जाऊ कशी देतेस?"

"मग काय करू? दुसरं कोन काम देतंय त्यांना? घरात बसून भिंतीला डोकं आपटत्यात. काम केलं तर निदान रातचे झोपतील."

मी विचारलं, हँडलवर कोण. तिने परका माणूस शोधला होता, दोन-चार जणांना विचारून झालं होतं. कोणी तयार नव्हतं. त्या घराचं हँडल धरायचं नाही, अपशकुनी आहे, असं लोक म्हणायला लागले होते. आणि माहेरच्या भावाला तिने स्वतःच नाही म्हटलं होतं. "मी उभी ऱ्हानार," ती म्हणाली. "मला बांधायला पट्टा द्या."

"तुला कशाला पट्टा? तू वर असणार ना?"

"म्हनूनच तर."

कळायला मला जरा वेळ लागला. तिला स्वतःला वरती बांधून घ्यायचं होतं, खांबाला नाहीतर गेटला. आत उडी मारता येऊ नये म्हणून. ती शपथबिपथ घेणार नव्हती. शपथेचं काय होतं ते तिने पाहिलं होतं. "पोरांना एक तरी पायजे, ताई," एवढंच म्हणाली.

मी तिच्या कमरेला पट्टा बांधला, त्याची दोरी गाळ्याच्या ग्रिलला अडकवली. तिने हूक चाचपला, अंगठ्याने दाबला, उघडला. "हे तर उघडतंय."

"उघडायलाच हवं गं. न उघडणारा हूक कोणी बनवतच नाही."

हूक सोडवून ती समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि एक कुलूप घेऊन आली. हुकाच्या जागी कुलूप घातलं, खटकन दाबलं. मग सगळा भार टाकून पुढे झुकली, एकदा, दोनदा, हिसका देऊन. ग्रिल वाजली. दोरी सुटली नाही. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा समाधान दिसलं.

"आणि चावी?" मी विचारलं.

"यांच्या खिशात ठेवनार. खाली."

"अगं, असं कसं? वर ठेव कोणाकडे तरी. काही झालं तर तुला तिथून सोडवणार कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ग्रिलला बांधलेलीच होती अजून.

"वर कोन हाय माजं, ताई?"