सुजितची पोथी

समाप्तीचा अध्याय आधी वाचायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अंबरनाथ पूर्वेच्या वाचनालयातून मी घरोघर पुस्तकं पोचवतो. मांजर्लीच्या पुतळाबाईंनी यंदाच्या श्रावणासाठी एका कादंबरीची नवी प्रत मागवली होती. घरातल्या जुन्या प्रतीची शेवटची पानं पुरात चिकटून वीट झालेली, आणि लेकीचे डोळे त्यावर ताणतात म्हणून. लेक, म्हणजे शलाका, अजून कामावर होती. म्हातारी म्हणाली, "बाला, बसलायस तर तेवढा शेवट वाच." मी वाचला. छान आवाज लावून वाचला, वर चहा प्यायलो.

शलाका उल्हासनगरला साड्यांच्या दुकानात असते; पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. संध्याकाळी ती गल्लीत वळली, तर ओट्यावरचा दिवा बंद. धाकटा भाऊ सुजित घरातून गेल्यापासून तो दिवा दिवेलागणीला लागला नाही, असं कधी झालं नव्हतं. ती धावत सुटली. आई गेली की काय!

आई खुर्चीत बसली होती. अंधारात. मांडीवर नवं पुस्तक.

"दिवा नको लावू," पुतळाबाई म्हणाल्या. "दिवा बगून फिरला तो."

"कोण?"

"जयंता. त्या पोराने आज वाचून दाखवला."

शलाका चपला न काढताच उंबऱ्यावर बसली.

कादंबरी तशी साधी. नदीकाठचा जयंता सतराव्या वर्षी घर सोडतो, शहरात ठेचकाळत मोठा होतो. शेवटी एका संध्याकाळी नदीपर्यंत परत येतो. पलीकडे आईने लावलेला दिवा त्याला दिसतो. तो बघत राहतो आणि पाठ फिरवून निघून जातो. मला विचाराल तर हिरो जरा जास्तच उसासे टाकतो. पण मी बावीसचा आहे, माझं कोण ऐकतंय.

शलाकाला ती पंधराव्या वर्षी शाळेत बक्षीस मिळाली. पाठ फिरवणारा जयंता तिला तेव्हा असा काही आवडला, की धाकट्या सुजितच्या हातात पुस्तक तिनेच कोंबलं. "वाच रे, अगदी तुझ्यासारखा आहे." सुजितने वाचलं. पुन्हा वाचलं. मग एक दिवस पुस्तक उशाशी ठेवून गेला, तो गेलाच.

तिशीत ती वाचता वाचता जयंताला शिव्या घालू लागली. मेल्या, एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं? आता पंचेचाळिशीत तिला जयंता सापडतच नाही. कुठलंही पान काढा, तिथे त्याची आई असते. दळताना, निवडताना, दाराकडे बघताना. ही बाई आधी या पुस्तकात होती का, हेच तिला आठवत नाही.

पुतळाबाईंना अक्षर येत नाही. सुजित गेल्यानंतरच्या श्रावणात बाकीच्या घरांत पोथ्या लागल्या, तेव्हा त्यांनी हीच कादंबरी पाटावर मांडली. शेजारचे हरिचंद्रकाका हसले होते, "पुतळे, यात देव कुठाय?"

"देव नाय. माजा पोर हाय."

तेव्हापासून दर श्रावणात शलाका रोज थोडं वाचायची. पहिली काही वर्षं शेवट आला की ती पुस्तक मिटायची आणि तो न वाचताच समाप्ती उरकून घ्यायची. मग पूर आला, पानं चिकटली, आणि तिला वाट मिळाली. त्या विटेवर नजर ठेवून ती बिनदिक्कत सांगायची, की जयंता नदी उतरला, घरात आला, आईने त्याला जेवायला वाढलं. पुतळाबाई खूश होऊन नारळ फोडायच्या.

"तू वाचायचीस तो जेवतो," म्हातारी अंधारातून म्हणाली. "या पुस्तकात नाय जेवत."

"मी जोडलं होतं, आई."

"कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"आनि तुला?"

 शलाका भिंतीकडे बघून बोलली. "पुस्तक मीच दिलं होतं त्याला."

पुतळाबाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या दुसऱ्याच विचारात होत्या. "दिवा दिसला म्हनून बोल्ला असंल, घर बरा चाललाय, माजी काय गरज. अंधार असता तर धावत आला असता. आपन एवढी वर्षं काय केला गं?"

"आई, ती गोष्ट आहे."

"मंग तू वाच. तो पोरगा रेल्वेच्या अनाउन्समेंटसारका वाचतो. मना तुज्या तोंडून आयकाचा हाय, कशाला फिरला तो."

शलाकाने बटणाकडे हात नेला.

"दिवा नको."

"मग वाचू कसं?"

 बाहेर कोणाची तरी चप्पल वाजली. दोघींनी दाराकडे मान वळवली. चप्पल पुढे निघून गेली.

श्रावण संपला. ओटा अजून अंधारातच असतो; हरिचंद्रकाका पायरीवर दोनदा आपटले, आता येतच नाहीत. दिवसाउजेडी वाचू म्हटलं, तर शलाका दुकानात असते आणि सुट्टीच्या दिवशी तिला नेमकं काहीतरी काम निघतं. परवा मी पुस्तक परत मागायला गेलो. मागवलं नाही मला. देव्हाऱ्याजवळ समाप्तीचा नारळ न फोडलेला ठेवलेला होता. उचलून हलवून पाहिला. आत पाणी अजून वाजतंय.