दोष पायाचा नव्हता

...नाही रे, पाणी मग आण, आधी हे लिहून घे. तर मिस्त्री. आहे माझा धाकटा भाऊ, पण घरातसुद्धा सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस.

त्याची एकुलती लेक नर्स झाली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना बघायची नोकरी लागली, अट एकच, गाडी चालवता यायला हवी. मिस्त्रीने एक जुनी छोटी गाडी आणली, इंजिन स्वतःच्या हाताने खोलून नव्याने भरलं आणि लेकीला किल्ली दिली.

पण पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी हीव भरल्यासारखी हुडहुडायची. वेग आला की गप्प. लेक म्हणाली, "बाबा, हिला काहीतरी झालंय."

मिस्त्रीने गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली. लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

"गाडी ठणठणीत आहे. तुझा पाय अडाणी आहे."

"शेजारी बसून बघा तरी."

बसला. गाडी थरथरली. "क्लच सोडतेस की तापलेला तवा?" म्हणाला. गॅरेजातली माणसं हसली. कुणीतरी तिचं नावच पाडलं, भूकंपबाई. मिस्त्रीही हसला. ते हसणं त्याला आता आतून खातंय.

तीन आठवडे पोरीने रेटलं. मग एकदा चढावर गाडी थरथरून बंद पडली, मागे घसरली आणि पेशंटच्या फाटकावर आदळली. कुणाला लागलं नाही. पण तिने किल्ली गॅरेजातल्या खिळ्याला अडकवली, नोकरी सोडली आणि परगावी बैठं काम धरलं. फोन करते, आईशी बोलते, झालं.

दोन वर्षांनी मिस्त्रीचा डावा गुडघा धरला. पाय मधेच रोखता येईना, एकदम सुटायचा. अशात त्याने लेकीची ती गाडी बाहेर काढली, तर त्याच्याखाली हुडहुडली. "गेला आपला पाय," म्हणाला. मग त्याच गुडघ्याने गिऱ्हाइकाची गाडी काढली. ती सरळ निघाली. मिस्त्री उतरला आणि लेकीच्या गाडीखाली शिरला.

इंजिनखालची धक्के झेलणारी रबरं पाहिली, चांगली होती. गिअरबॉक्स उतरवला. क्लचची प्लेट तेलाने माखलेली, म्हणून पकड घेताना थरथरायची. तेल येत होतं इंजिनच्या मागच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून. सीलची कड आत दुमडलेली. ते सील घाईत बसवलं होतं त्यानेच. आणि त्याचा मुरलेला पाय थरथर सुरू व्हायच्या आधीच गाडीला सांभाळून घ्यायचा, त्याला स्वतःला पत्ता न लागता. पोरीचा पाय बिचारा खरं तेच सांगत होता.

नवं सील, नवी प्लेट घातली, प्लेटमागचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, पुसून कोरडं केलं. त्याच दुखऱ्या पायाने क्लच सोडला. गाडी गुमान निघाली. त्याने लेकीला फोन लावला, "जेवलीस का?" विचारलं आणि फोन बायकोच्या हातात दिला. त्याच्या तोंडून ते यायचं नाही रे, हाडाचाच तसा आहे.

तू परवा मावशीकडे, म्हणजे मिस्त्रीच्या या लेकीकडेच, चाललायस ना? हा कागद तिला दे. म्हणावं, ते दुमडलेलं सील बाबांनी फेकलं नाही. खिळ्यावर तुझ्या किल्लीशेजारीच अडकवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.