बसून जेवायला सिंगापूर

मी परदेशात चालले आहे हे कळल्यावर रोह्यात मला पहिला प्रश्न आला तो असा, "मग आमच्या जेवणाचं काय?" विचारणारा माझ्या खानावळीचा जुना मेंबर, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा. कुठं चाललात, कोणाबरोबर चाललात, विमानाची भीती वाटत नाही का, यातलं काहीही त्याच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्यानं विचारलं, "मावशी, जायच्या आधी भाज्या करून फ्रिजमध्ये ठेवता येतील का?" तिसरा जरा हळवा होता. तो म्हणाला, "तुम्ही बिनधास्त जा मावशी, आम्ही राहू उपाशी." आमच्या घरच्यांनी तोंडानं काही विचारलं नाही. त्यांनी फक्त एकदा शेगडीकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं.

लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा सासूबाईंची खानावळ होती, पुढं ती माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून कोणी दुसऱ्यानं वाढलेलं गरम ताट माझ्यापुढं आल्याचं मला आठवत नाही. लग्नाकार्यातसुद्धा नाही, कारण मला मांडवात बघितलं की कोणीतरी म्हणतंच, "बरं झालं आलात, जरा भाताकडं बघता का?" सगळे जेवून गेले की ओट्यापाशी उभी राहून, पातेल्याच्या बुडाशी जे असेल ते मी खाते. याचं मला दुःख होतं असं कोणी समजू नये. मला राग यायचा. लोक ढेकर देऊन "मावशी, आज मीठ कमी होतं" असं सांगायचे तेव्हा तर फार यायचा.

म्हणून सिंगापूरला जाण्यामागं माझा एकच हेतू होता. उंच इमारती, बागा, तोंडातून पाणी सोडणारा तो सिंहाचा पुतळा, हे दिसलं तर दिसलं. मला एकदा खुर्चीवर बसून, कोणीतरी आणून ठेवलेलं गरम जेवण, मध्ये एकदाही न उठता जेवायचं होतं. मैत्रिणीला मी हे स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, "येवढंच ना? त्यात काय गो!"

ही मैत्रीण आणि मी दोघी जिते गावच्या. शाळेत एका बाकावर बसलो, पुढं तिला पेणला दिली आणि मला रोह्याला. पेणला ती पोह्याचे पापड करते आणि माझ्या खानावळीला तिचेच पापड येतात. बाई सोन्यासारखी, पण काटकसरीचा विषय निघाला की तिच्यापुढं कोणाचं चालत नाही. पॅकेटात तुटलेला पापड निघाला तर ती म्हणते, "मग काय अख्खा खाणार होतीस? तोंडात घालताना मोडलाच असतास ना?" तिच्या भाच्याला मोबाईलवर सिंगापूरची तिकिटं सेलमध्ये दिसली, म्हणून सिंगापूर. आफ्रिकेची स्वस्त मिळाली असती तर आम्ही सिंह जिवंत बघून आलो असतो.

विमानात मी कडेच्या खुर्चीवर बसले होते, ती मध्ये, आणि खिडकीशी एक जाडजूड गृहस्थ. विमान स्वस्तातलं, म्हणजे जेवण हवं तर वेगळे पैसे. गाडी ढकलत मुलगी आली तेव्हा गरम भाताचा वास आला आणि मी तोंड उघडणार, तोवर मैत्रिणीनं दशम्यांचा डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. गृहस्थांनी मात्र जेवण मागवलं होतं. मुलीचा हात पोहोचेना, म्हणून तिनं ट्रे माझ्या हातात दिला. मी तो पुढं केला, मग पाण्याची बाटली दिली, मग चमचा. त्यांनी "थँक्यू" म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप गेलं, "अजून काय लागलं तर सांगा." विमान अजून समुद्रावर नीट आलं नव्हतं आणि मी वाढायला लागले होते.

हॉटेलची खोली बिनखिडकीची होती. खिडकी हवी तर जास्त पैसे पडतात असं भाच्यानं कळवल्यावर मैत्रिणीनं विचार केला होता की आपण झोपायलाच जाणार, बाहेर बघायला पुन्हा खिडकी कशाला, बाहेरच जाऊ की. खोलीत तिनं बॅग उघडली. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, सुकटीची चटणी, लोणचं, पापड आणि एक इलेक्ट्रिक किटली. कपडे तळाशी, अंग चोरून.

"हे काय गो?"

"इथं जेवण किती म्हाग हाय, म्हायती हाय काय तुला? आपण खोलीतच करायचा. तुझ्या हाताला चव हाय."

एवढा समुद्र ओलांडून मी आले होते आणि माझ्या हातात किटली होती. बसायला खुर्ची एकच, तिच्यावर बॅग. मी उभ्यानं किटलीत खिचडी केली आणि उभ्यानंच खाल्ली. मैत्रीण पलंगावर मांडी घालून जेवली आणि म्हणाली, "मीठ जरा कमी हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं सुकटीचा डबा उघडला आणि थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. हॉटेलची एक मुलगी नाकाला रुमाल लावून उभी. तिथं भिंतीवर एक पाटी होती, तिकडच्या एका उग्र वासाच्या काटेरी फळाचं चित्र आणि त्यावर लाल काट. मैत्रीण पाटीकडं बोट दाखवून तिला शुद्ध मराठीत समजवायला लागली, "हे बघ, फणस चालत नाय असा लिवलाय. सुकटीचा काय लिवलेला नाय." मुलीला एकही शब्द कळला नाही, पण मुद्दा पटला असावा. तिनं सुकट राहू दिली आणि किटली घेऊन गेली.

मी मनातल्या मनात तिला आशीर्वाद दिला. आता बाहेर जेवण्यावाचून गत नव्हती.

दुपारी आम्ही दुमजली बसमध्ये चढलो आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेपाशी जागा मिळाली. ही या सहलीतली सगळ्यात सुखाची गोष्ट. खाली सगळं शहर सरकत होतं, झाडाच्या फांद्या काचेवर आपटतील असं वाटायचं आणि दोघी एकदम मान खाली घालायचो. एकदा असं झाल्यावर आम्हाला हसू आवरेना. जित्याच्या शाळेत गुरुजींनी दोघींना वर्गाबाहेर काढलं होतं ते याच हसण्यामुळं. शेवटच्या थांब्यावर चालकानं उतरायला सांगितलं, तर मैत्रिणीनं तीच बस परत पकडली. तिकिटाच्या मानानं त्या दिवशी आम्ही जितकं सिंगापूर बघितलं तितकं कोणी बघितलं नसेल.

मग जेवण. एक मोठी छपरी, तिच्यात ओळीनं खाण्याचे गाळे, मध्ये टेबलं आणि माणसांची ही गर्दी. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट पडलं होतं. "कोण तरी विसरलाय," असं म्हणून मैत्रिणीनं ते पर्समध्ये टाकलं आणि ऐसपैस बसली. जरा वेळानं एक जोडपं हातात ट्रे घेऊन आलं आणि आमच्याकडं बघत राहिलं. तिथं पाकीट ठेवलं की जागा धरली असं मानतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना हे कळू नये, याची मला फार लाज वाटली. पाकीट परत दिलं, आणि त्यांनीच सरकून आम्हाला जागा दिली.

बसले. वाट बघितली. कोणी आलं नाही. मग समजलं की इथं रांगेत उभं राहून आपलं आपण आणायचं. मैत्रीण जागा धरून बसली आणि मी दोन खेपा करून दोघींचा भात नि तळलेली मासळी आणली. दुसऱ्या खेपेपर्यंत पहिल्या ताटातली मासळी अर्धी झाली होती. खाऊन हात धुते तोवर समोर पाटी दिसली की उष्टी ताटं आपली आपण नेऊन ठेवा, नाहीतर दंड. एवढं श्रीमंत शहर, काचेच्या इमारती, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, आणि सुटाबुटातले साहेब आपापलं उष्टं उचलून चाललेले. आमच्याकडं घरोघरीच्या पुरुषांना विमानानं इथं आणून ही जागा दाखवली पाहिजे. पण मी काही ते शिकायला आले नव्हते. मी ट्रे ठेवायला गेले, तर तिथं वाट्या, ताटल्या सगळं एकात एक कोंबलेलं. मला बघवेना. मी वाट्या वेगळ्या केल्या, चमचे वेगळे केले. मागं वळले तर मैत्रीण कमरेवर हात ठेवून उभी.

"झाली भांडी घासून? का फडका पण मारतेस?"

शेवटच्या संध्याकाळी तिनं स्वतःहून सांगितलं की आज तुला बसवून जेवायला घालते. तिथल्या तमिळ वस्तीत केळीच्या पानावर जेवण वाढणारं एक हॉटेल होतं. मी साडी बदलून गेले. खुर्चीवर बसले, पुढं पान आलं, पानावर एका माणसानं वाफाळता भात घातला, भाज्या वाढल्या. मी पानाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला. एवढ्यात एक मोठा घोळका आत आला आणि सगळी टेबलं भरली. वाढणारा तो एकटाच. शेजारच्या टेबलावर एका म्हाताऱ्या बाईंच्या पानावर नुसता भात, आणि त्या आमटीची वाट बघत बसलेल्या. भात निवत होता. सांबाराची बादली माझ्या हातापासून वीतभर लांब होती.

मी खरंच ठरवून काही केलं नाही. भानावर आले तेव्हा बादली माझ्या हातात होती आणि मी तिसऱ्या टेबलाशी होते. लोक मला "आंटी, इकडे" म्हणून हाका मारत होते. तो वाढणारा माणूसही मला खुणेनं कुठं काय हवं ते सांगायला लागला होता. परत आले तर माझा भात गार झाला होता, रस्सा पानावरून वाहून गेला होता, आणि मैत्रिणीचा चेहरा लालबुंद.

"आजवर मला वाटायचा, तुला कोण बसू देत नाय," ती म्हणाली. "तुलाच बसता येत नाय गो! राजाच्या घरी जेवायला बसवली तरी तू उठून राजाला वाढशील!"

मीही मग गप्प बसले नाही. किटली काढली, बिनखिडकीची खोली काढली, तुटलेले पापडसुद्धा काढले. खोलीवर आलो ते एकमेकींकडं पाठ करून झोपलो. मला फार वाईट वाटत होतं, कारण ती बोलली ते खरं होतं. आयुष्यभर मी ज्यांच्यावर रागावले त्यांच्यात मी स्वतःला कधी धरलं नव्हतं.

सकाळी विमानतळावरही अबोला. विमानात शिरल्यावर तिनं मला आधी आत ढकललं, पार खिडकीशी, आणि स्वतः कडेला बसली. मधली खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तिनं आपली जड पिशवी ठेवली. वाटलं, आता शेजारी बसायचीही इच्छा नाही. मी ढगांकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं गाडी आली. दशमीचा डबा निघेल म्हणून मी मांडी मोकळी केली, तर मैत्रीण त्या मुलीला बोटांनी दोन दाखवत होती. माझ्यापुढचं फळकूट खाली आलं आणि त्यावर भात, डाळ, पनीर, वाफ येत असलेलं. मी चमच्यासाठी उठायला गेले तर पोटाशी पट्टा, पुढं फळकूट, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पिशवी नि मैत्रीण.

"आता कशी उठतेस तेच बघते," ती पुढं बघत म्हणाली. "जेव."

मी जेवले. भात जरा टणकच होता. माझ्या खानावळीत असा भात झाला असता तर मी पातेलं परत चुलीवर चढवलं असतं. पण मी शीत शीत वेचून खाल्लं, आणि शेवटपर्यंत ते गरम होतं. संपल्यावर माझा हात आपोआप तिचा ट्रे माझ्या ट्रेवर ठेवायला गेला, तेव्हा तिनं फटकन हातावर मारलं. मुलगी आली आणि माझं उष्टं माझ्यासमोरून उचलून घेऊन गेली. मला रडू आलं. पदरानं डोळे पुसायला लागले.

"काय गो," मैत्रिणीनं विचारलं, "तिखट लागला काय?"

"व्हय," मी म्हटलं. त्या जेवणात मिरची नावालासुद्धा नव्हती.