दुपारच्या चित्रातले पट्टे

त्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरच्या खोलीबाहेर एक लाल दिवा होता. तो लागला, की बोळातून कुणी चालायचं नाही, हा तिथला नियम. आत एक बाई सूक्ष्मदर्शक चालवायची. सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही.

तिचं यंत्र भिंगाचं नव्हतं. त्यात एक अतिबारीक सुई होती आणि ती सुई करंगळीएवढ्या चिनी मातीच्या नळीला चिकटवलेली होती. ही कपबशीची साधी माती नव्हे, मोठी गुणी. दाबली तर वीज देते आणि वीज दिली तर केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी लांबते किंवा वाकते. त्या वाकण्यावर सुई हलायची आणि आंधळ्या माणसाने बोटांनी चेहरा चाचपावा तशी समोरचा पृष्ठभाग चाचपत जायची. पडद्यावर एकेक रेघ उमटत चित्र वरून खाली भरत यायचं. यंत्राखाली दगडी लादी, लादीखाली स्प्रिंगा, एवढा सगळा जामानिमा असूनही बोळातून कुणी पाय आपटत गेलं, की चित्रात आडवा पट्टा उमटायचाच.

पट्ट्यावरून माणूस ओळखायची ताईला सवय झाली होती. शिपाई भराभर जायचा, त्याचे पट्टे दाटीवाटीचे. मोठ्या साहेबांचे जाड. आणि जेवायच्या वेळेला यायचे ते अगदी आखल्यासारखे, सारख्या अंतरावरचे. ते नानांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे. नानांनी जन्मभर घरोघरी जिने चढून विजेचे मीटर वाचले होते. चाल घड्याळासारखी. लाल दिव्याचा नियम जगाला होता, नाना मात्र "मी काय पाय आपटतो का?" म्हणून खुशाल यायचे आणि दारापाशी बाकावर बसायचे. त्यांच्या हातात ताईचा डबा असायचा.

आता खरं सांगायचं, तर ताई डबा विसरत नव्हती. आई गेल्यावर नाना दिवसच्या दिवस खुर्चीत बसून राहू लागले, तेव्हा एकदा तो खरोखरच ओट्यावर राहिला. नाना तो घेऊन आले आणि त्या संध्याकाळी घरी पोटभर जेवले. तेव्हापासून डबा रोज राहायला लागला.

त्या वर्षी दुपारची चित्रं बिघडू लागली. पट्टे यायचे, पण वेडेवाकडे. एक रुंद, फरफटलेला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन एकमेकांना खेटून. ताईने ठरवलं, नळीचा डिंक सुटला असणार. तिने नळी काढली, नव्याने चिकटवली, तारांना कथलाचे डाग पुन्हा दिले. फरक शून्य. मग कोठारातून कोरी नळी आणून बसवली. सकाळी चित्र काचेसारखं स्वच्छ, दुपारी पुन्हा तेच.

शेजारच्या टेबलावर भिंगरी बसायचा. त्याचं काम गिरकी ओळखणाऱ्या डब्या बनवायचं, म्हणून हे नाव पडलेलं. काडेपेटीएवढ्या डबीत स्फटिकाचा इवलासा चिमटा सतत थरथरत असतो. डबी फिरली, की चिमट्याची पाती वाट सोडून बाजूला सरकू पाहतात, त्या ताणाने वीज निर्माण होते आणि किती फिरलं ते कळतं. भिंगरीचं तोंडही त्या चिमट्यासारखंच, थांबायचं नाव नाही.

"ताई, एक विचारू? ही नळी काय घड्याळ बघून बिघडते? बरोबर जेवायच्या वेळेला?"

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? माझी भूक आणि तुमची नळी, दोघी एकदमच खवळतात."

ताई हसली आणि हसता हसता थांबली. पडद्यावर तो फरफटलेला पट्टा उमटत होता. तिने उठून दार किलकिलं केलं.

बोळाच्या डाव्या वळणावर नाना उभे होते. एक हात भिंतीला, दुसऱ्याने डबा छातीशी धरलेला. त्यांनी वळायला पाऊल उचललं, शरीर एका बाजूला कललं, पाय घासत पुढे गेला. ते थांबले. मग मागचा पाय घाईने पुढच्याला खेटून ठेवला. ताईने आवाज न करता दार लावलं आणि खुर्चीत येऊन बसली. यंत्राचा प्रत्येक सांधा तपासून झाला होता. आपलं माणूस बदललं असेल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

"लाल दिवा होता, म्हणून सावकाश आलो," नाना आत येत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या दिव्याचा मान राखला होता.

दुसऱ्या दिवशी ताईने डबा पिशवीत टाकला. नाना रिकाम्या ओट्याकडे बघत राहिले.

"आज आठवणीने घेतलास?"

"हो. तुम्हाला उगाच हेलपाटा नको."

संध्याकाळी ती घरी आली, तर नाना बाहेरचे कपडे घालून खुर्चीत बसलेले. ताट पुढे केलं, तर म्हणाले, "भूक नाही."  त्या खुर्चीतून त्यांना उठवायला तिने किती उठाठेव केली होती! चालू द्यावं तर पडतील आणि बसवून ठेवावं तर खुर्चीच त्यांना गिळेल.

तिने दादाला फोन लावला. भाऊ लांबच्या शहरात होता. "माझ्याकडे पाठवून दे," तो म्हणाला. "लिफ्ट आहे, सगळं दारात येतं. घराबाहेर पाऊल टाकायची गरज नाही."

नानांचे कान तिखट. "त्याला म्हणावं, मी पार्सल नाही."

फोन ठेवून ताई त्यांच्याजवळ स्टुलावर बसली. "नाना, वळताना तोल जातो ना?"

"कोण म्हणतं?"

"माझं यंत्र म्हणतं."

नानांनी फरशीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "डावीकडे वळलं, की जमीन आपली आपण पुढे निघून जाते बघ. तुला सांगितलं असतं, तर तू डबा विसरायची बंद झाली असतीस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पोरी, लोक मीटर लपवायला पुढे कपाट ओढून ठेवायचे, ते मी ओळखायचो. तुझा डबा काय चीज आहे!"

त्या शनिवारी भिंगरीने आपली एक डबी पट्ट्याने नानांच्या कमरेला बांधली आणि त्यांना अंगणात फिरवलं. उजवीकडे वळताना पडद्यावरची रेघ सरळ, डावीकडे वळताना तिला डोंगर फुटायचे.

"जन्मभर लोकांचे आकडे वाचले," नाना पुटपुटले, "आता तुम्ही माझे वाचा."

"बिल नाही पाठवणार, नाना," भिंगरी म्हणाला.

मग ताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण बाईंनी तो आलेख कौतुकाने पाहिला, बाजूला ठेवला आणि आपल्या पद्धतीने तपासलं. डोळे मिटून उभं केलं, मान फिरवली, कान पाहिले. डाव्या कानातला तोल सांभाळणारा भाग अशक्त झाला होता.  बाई म्हणाल्या, "बसवून ठेवू नका, आणखी खचेल. मानेचे व्यायाम रोज करायचे. सुरुवातीला कुणीतरी बरोबर असू दे, मग काठी घेऊन एकटे चालतील."

व्यायाम नानांनी मुकाट्याने केले. ताईच्या सांगण्यावरून शिपाई रोज दुपारी घरी जाऊन त्यांना सोबत घेऊन येऊ लागला. पण काठीचं नाव काढलं, की ते अडून बसत. "काठी घेतली, की संपला माणूस." शेवटी भिंगरीच एक काठी घेऊन आला, खाली जाड रबर ठोकलेली.

"नाना, ही तुमच्यासाठी नाही हो. ताईच्या यंत्रासाठी आहे. तुमचा भार काठीवर आला, की पाऊल हलकं पडतं, चित्र बिघडत नाही."

नानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. थाप त्यांना कळली होती. "यंत्रासाठी होय," ते म्हणाले, "मग घ्यायला हवी."

पुढे डॉक्टरीण बाईंनी एकट्याने जायला परवानगी दिली. त्या सकाळी ताई आवरून निघाली. डबा भरून ओट्यावर होता. नाना पेपरामागून बघत होते. ती दारापर्यंत गेली, थबकली, आणि डबा तसाच ठेवून जिना उतरली.

दुपारी लाल दिवा लावून तिने चित्र सुरू केलं. भिंगरी पाठीमागे येऊन उभा राहिला. आज गप्प होता. पडद्यावर स्वच्छ रेघा उतरत होत्या. मग एक पट्टा उमटला. त्याच्यामागे एक पुसट, मऊ. पुन्हा एक पट्टा. पाऊल, काठी, पाऊल. मग एकाएकी काही नाही. वळण आलं होतं.

रेघेमागून रेघ कोरी उतरत राहिली. ताईची बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट धरून होती. उठावंसं वाटत होतं, पण ती उठली नाही.

मग पुसट पट्टा आला. त्याच्यामागे पाऊल. सावकाश, पण न फरफटलेलं. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल.

"चित्र गेलं, ताई," भिंगरी हळूच म्हणाला.

"जाऊ दे. जेवून पुन्हा काढू," ती म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.